गुठळी टिकली पाहिजे

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले पाव-अर्धा लिटर गेले तर धडधाकट शरीर ते सहज सोसते. रक्तदानात आपण जवळजवळ तेवढेच देतो आणि चहा-बिस्किट घेऊन कामाला लागतो. दीड लिटरच्या आसपास गेले की नाडी धावू लागते, हातपाय गार पडतात, जीव घाबराघुबरा होतो. दोन लिटरच्या पुढे गेले आणि मदत मिळाली नाही तर माणूस हातचा जातो. मेंदूला मार लागलेला रुग्ण कधी कधी काही दिवस झुंजतो, जंतुसंसर्ग झालेला काही आठवडे. रक्तस्रावाने होणारा मृत्यू मात्र थांबायला तयार नसतो. बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच सारा निकाल लागतो.

म्हणून रक्त थांबवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजे घड्याळाशी चाललेल्या झटापटीचा इतिहास आहे. दाबून धरणे, घट्ट पट्टी बांधणे, रक्तवाहिनी चिमट्यात पकडून बांधणे, डाग देणे, रक्त चढवणे ही सारी त्यातली हत्यारे. या प्रकरणात ओळख करून घ्यायची आहे ती आणखी एका हत्याराची. ते काचेच्या छोट्या अँप्यूलमध्ये मावते, फ्रिजशिवाय राहते, स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. त्याचे नाव ट्रॅनेक्झामिक ॲसिड. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते म्हणून ज्या बायकांनी डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या आहेत, त्यांच्यापैकी अनेकींच्या पोटात हे औषध जाऊन आलेले असेल. हेच औषध अपघातग्रस्ताचा आणि बाळंतिणीचा जीव वाचवू शकते, हे सिद्ध व्हायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली.

बांधणारे आणि मोडणारे

रक्तवाहिनी फाटली की शरीर पहिल्या काही सेकंदांतच कामाला लागते. वाहिनी आकसते. रक्तातल्या प्लेटलेट्स जखमेच्या काठाला चिकटतात, एकमेकींना चिकटतात आणि भोकावर एक कच्चे बूच बसते. मग रक्तातले गोठणारे घटक एकापाठोपाठ एक जागे होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करते. या धाग्यांचे जाळे प्लेटलेट्सभोवती विणले जाते, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि बूच पक्के होते. हीच गुठळी.

पण गुठळी कायमची राहून चालणार नाही. जखम भरली की ती निघाली पाहिजे, नाहीतर वाहिनीच बुजून जाईल. त्यासाठी शरीराने गुठळी विरघळवण्याची सोयही करून ठेवली आहे. यकृतात प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन तयार होते आणि रक्तातून निष्क्रिय अवस्थेत फिरत राहते. फायब्रिनच्या धाग्यांवर लायसिन या अमिनो आम्लाची टोके असतात. प्लाझ्मिनोजेनवर नेमक्या त्या टोकांना धरणाऱ्या खाचा असतात. त्या खाचांच्या आधारे ते धाग्याला बिलगते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून बाहेर पडणारे आणखी एक प्रथिन त्याला जागे करते, प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन होते आणि प्लाझ्मिन धागे कापू लागते. निरोगी शरीरात बांधणारे आणि मोडणारे असे दोघेही एकाच वेळी काम करत असतात आणि त्यांच्यातला तोल सांभाळला जातो.

मोठ्या दुखापतीत हा तोल जातो. फाटलेल्या ऊती आणि रक्ताअभावी घुसमटलेले वाहिन्यांचे अस्तर गुठळी विरघळवणारे प्रथिन भरमसाट सोडतात. इकडे वाहून गेलेल्या रक्ताबरोबर फायब्रिनोजेन आणि गोठणारे घटकही गेलेले असतात. रक्तदाब टिकवण्यासाठी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या की उरलेले घटक पातळ होतात. अंग गार पडले, रक्तात आम्ल साठले की गोठण्याची क्रिया आणखी मंदावते. लंडनमधल्या एका मोठ्या अपघात केंद्रातल्या डॉक्टरांनी २००३ साली दाखवून दिले की गंभीर जखमींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांचे रक्त गोठण्याचे तंत्र रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंतच बिघडलेले असते आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त असते. म्हणजे बिघाडाचा सगळा दोष सलाईनला देता येत नाही. दुखापत स्वतःच तो घडवते.

भातखाचराचा बांध फुटला की शेतकरी भर पावसात चिखलाचे डिखळ टाकून भगदाड बुजवतो. पण खेकडे आतून बांध पोखरत राहिले, तर वरून कितीही माती टाकली तरी पाणी थांबत नाही. गंभीर जखमी माणसाच्या शरीरात हेच चाललेले असते. आपण रक्त चढवतो, प्लाझ्मा देतो, प्लेटलेट्स देतो, म्हणजे माती टाकत राहतो. पोखरणे थांबवण्याचे काम ट्रॅनेक्झामिक ॲसिड करते.

ते कसे, हे समजायला सोपे आहे. या औषधाच्या रेणूची घडण लायसिनसारखी आहे. ते रक्तात गेले की प्लाझ्मिनोजेनवरच्या लायसिन धरणाऱ्या खाचा अडवून बसते. मग प्लाझ्मिनोजेनला फायब्रिनचा धागा धरता येत नाही आणि धागा कापण्याचे काम खोळंबते. इथे एक गोष्ट ठसवून घेतली पाहिजे. हे औषध नवी गुठळी तयार करत नाही. शरीराने स्वतः बांधलेली गुठळी ते अकाली विरघळू देत नाही, एवढेच. त्याची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही यातच आहेत. जिथे गुठळी बनतच नाही, किंवा जिथे मोठी धमनीच तुटली आहे, तिथे ते एकटे काही करू शकत नाही. शस्त्रक्रियेचा टाका आणि रक्ताची पिशवी यांची जागा ते घेत नाही. दोन्हींना यश यावे म्हणून ते वेळ मिळवून देते.

टोकियोतले दांपत्य

हे औषध शोधले उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने. उताको यांचा जन्म १९१८ चा. त्या आधी दंतवैद्यक शिकायला गेल्या होत्या. पुढे वैद्यकाकडे वळल्या आणि १९४१ मध्ये टोकियोच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. युद्ध संपले तेव्हा जपान बेचिराख झाले होते. प्रयोगशाळेत ना उपकरणे होती ना पैसा. टोकियोच्या केइओ विद्यापीठात काम सुरू करताना पती-पत्नींनी रक्ताचा विषय घेतला. त्यामागचे एक कारण उताको यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे: प्रयोगाला काहीच मिळाले नाही तर निदान स्वतःचे रक्त तरी वापरता येईल.

त्या काळी जपानमध्ये बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरत होत्या आणि ते थांबवणारे औषध आपल्याला मिळावे अशी त्यांची आस होती. प्लाझ्मिनला रोखणारा पदार्थ शोधण्यासाठी त्यांनी असंख्य रसायने तपासली. लायसिनमुळे प्लाझ्मिनचे काम थोडे मंदावते, हे त्यांच्या लक्षात आले. लायसिनच्या घडणीत फेरफार करत करत १९५० च्या दशकात ते एप्सिलॉन-अमिनोकॅप्रॉइक ॲसिडपर्यंत पोहोचले. ते औषध म्हणून वापरातही आले, पण त्याची मात्रा फार मोठी लागे. त्यांनी शोध सोडला नाही. १९६२ साली केइओ विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ट्रॅनेक्झामिक ॲसिडची माहिती प्रसिद्ध केली. आधीच्या औषधापेक्षा ते २७ पट प्रभावी होते.

हे सगळे करताना उताको यांच्या घरी लहान मुलगी होती. तिला सांभाळायला कोणी नसले की तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. वैज्ञानिकांच्या सभेत पहिल्यांदा निबंध वाचायला उभ्या राहिल्या तेव्हा, आता तुम्ही आम्हाला नाचून दाखवणार का, अशी थट्टा पुरुष श्रोत्यांनी केली होती. १९६६ मध्ये ओकामोतो दांपत्य कोबेला गेले. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी बाळंतिणींवर या औषधाची चाचणी घ्यावी म्हणून उताको यांनी प्रयत्न केले, पण कुणी तयार झाले नाही. ज्या कामासाठी औषध शोधले ते सोडून बाकीच्या कामांसाठी ते जगभर पसरले. बाईच्या विज्ञानाकडे आणि बाईच्या मरणाकडे पाहण्याची त्या काळची नजर याला जबाबदार होती, असे म्हटल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दाढ, पाळी आणि ऑपरेशन थिएटर

औषध पहिल्यांदा रुळले ते लहान-मध्यम रक्तस्रावात. हिमोफिलिया असलेल्या माणसाची दाढ काढायची म्हणजे पूर्वी मोठे संकट असे. लाळेमध्येही गुठळी विरघळवण्याची क्षमता असते, त्यामुळे दाढेच्या खड्ड्यात जेमतेम तयार झालेली गुठळी टिकत नसे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ मध्ये ट्रॅनेक्झामिक ॲसिडला मान्यता दिली ती नेमकी याच कामासाठी. पाळीतल्या अतिरक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तरात गुठळी विरघळवण्याची क्रिया वाढलेली असते. तिथे या गोळ्यांनी स्राव बराच कमी होतो.

शस्त्रक्रियेत त्याचे महत्त्व हळूहळू वाढत गेले. हृदयाच्या बायपासमध्ये रक्त यंत्रातून फिरवावे लागते. परक्या पृष्ठभागाशी गाठ पडल्यावर रक्तातली गोठण्याची आणि विरघळण्याची अशा दोन्ही यंत्रणा चाळवल्या जातात. अशा शस्त्रक्रियेत आधी ॲप्रोटिनिन नावाचे औषध लोकप्रिय होते. गायीच्या फुप्फुसापासून ते काढले जाई आणि महाग असे. त्याने रक्त कमी जाते हे खरे होते, पण त्याच्या सुरक्षिततेबद्दल शंका वाढत गेल्या. २००७ च्या अखेरीस ते बाजारातून मागे घेतले गेले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ॲप्रोटिनिन घेतलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त दिसले. तुलनेला होती ती ओकामोतोंची दोन्ही स्वस्त औषधे.

२०१२ मध्ये तोवरच्या १२९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. शस्त्रक्रियेत ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिले तर रक्त चढवण्याची गरज पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे रक्तपेढीतून पिशवी मिळवताना नातेवाइकांची किती धावपळ होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१७ च्या एका चाचणीत बायपास झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांपैकी रक्तस्राव थांबवण्यासाठी पुन्हा छाती उघडावी लागणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले: २.८ टक्क्यांवरून १.४ टक्के. २०२२ मध्ये हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांच्या ९,५०० हून जास्त रुग्णांमध्ये गंभीर रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर उतरला. आज गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलताना भूलतज्ज्ञ हे औषध सर्रास देतात.

वीस हजार जखमी

ऑपरेशन थिएटरमध्ये जे चालते ते रस्त्यावरच्या अपघातात का चालू नये? हा प्रश्न धसाला लावला लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या इयान रॉबर्ट्स, हलीमा शकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले होते. एवढी मोठी चाचणी घेऊन गडगंज नफा मिळेल अशी आशा कोणालाच नव्हती. तरीही ४० देशांतली २७४ रुग्णालये एकत्र आली. त्यात भारतातलीही अनेक होती. २०,००० हून अधिक जखमींची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला औषध मिळाले: एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, मग एक ग्रॅम आठ तासांत सावकाश. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या बाटलीतून नुसते सलाईन. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला.

‘क्रॅश-२’ नावाच्या या चाचणीचा निकाल २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषध न मिळालेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, मिळालेल्या गटात १४.५ टक्के. दीड टक्क्याचा फरक किरकोळ वाटेल. पण हजार जखमींना हे औषध दिले तर पंधरा जण जास्त जगतात, असा त्याचा अर्थ. आणि भीती होती त्याप्रमाणे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा पायातल्या गुठळ्या वाढल्या नाहीत. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जखमींसाठीचे अत्यावश्यक औषध म्हणून त्याची नोंद केली.

खरा धडा मात्र २०११ मध्ये मिळाला. त्याच रुग्णांची माहिती वेळेप्रमाणे मांडून पाहिली गेली. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळाले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले. एक ते तीन तासांत मिळाले तर ६.१ वरून ४.८ वर. तीन तासांनंतर मात्र चित्र उलटे झाले: औषध न मिळालेल्यांत ३.१ टक्के, मिळालेल्यांत ४.४. एकच औषध पहिल्या तासात जीव वाचवते आणि चौथ्या तासात घात करू शकते. त्याचे एक संभाव्य कारण शरीरातच आहे. सुरुवातीच्या भडक्यानंतर शरीर स्वतःच गुठळी विरघळवण्याला लगाम घालणारे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करू लागते. आता धोका उलट दिशेने असतो आणि त्यात आपण बाहेरून आणखी एक लगाम घालतो.

२०१८ मध्ये जखमी आणि बाळंतिणी मिळून ४०,००० हून अधिक रुग्णांचा एकत्र अभ्यास झाला. रक्तस्राव सुरू झाल्याबरोबर औषध दिले तर जगण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त वाढते. पुढे प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिराला हा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो आणि तीन तासांनी उरतच नाही, असे त्यात आढळले. ॲम्ब्युलन्स फाटकात अडकली, केसपेपर काढायला रांग लागली, सिस्टर औषध आणायला चिठ्ठी देऊन नातेवाइकाला खाली पाठवती झाली, की पंधरा मिनिटे कशी जातात हे आपल्याला चांगले माहीत आहे. त्या प्रत्येक पंधरा मिनिटांची किंमत या अभ्यासाने आकड्यात मांडली.

बाळंतिणीच्या खाटेशी

बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे ७०,००० बायका मरतात आणि त्यातल्या बहुतेक गरीब देशांतल्या असतात. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही, वारेचा तुकडा आत राहिला किंवा मार्ग फाटला की रक्त अक्षरशः लोंढ्याने जाते. पुरेसे रक्त नसलेली, आधीच पंडुरोगी असलेली बाई तेवढे सोसू शकत नाही.

‘वुमन’ नावाच्या चाचणीत २१ देशांतल्या १९३ रुग्णालयांमधून २०,०६० बायकांनी भाग घेतला. एप्रिल २०१७ मध्ये निकाल आला. रक्तस्रावाने होणारे मृत्यू एकूणात १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२ वर. म्हणजे वेळेत औषध मिळाले तर अशा मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश टळतात. गर्भपिशवी काढण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही, कारण अनेक ठिकाणी तो निर्णय औषधाच्या बरोबरीनेच घेतला जात होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हे औषध तीन तासांच्या आत द्यावे अशी शिफारस केली. उताको ओकामोतो हा दिवस पाहायला नव्हत्या. एप्रिल २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी, कोबेत त्यांचे निधन झाले होते. ज्या चाचणीसाठी त्यांनी डॉक्टरांच्या विनवण्या केल्या, तिचा निकाल बरोबर वर्षभराने लागला.

एकटे औषध पुरत नाही हेही याच क्षेत्रात स्पष्ट झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, बाळंतिणीखाली रक्त मोजणारी पिशवी लावली आणि रक्त ठरावीक मापाच्या वर गेले की पाच गोष्टी एकदमच केल्या: गर्भाशय चोळणे, ते आकसवणारे औषध, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन आणि रक्तस्रावाचे मूळ शोधण्यासाठी तपासणी. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. रक्त डोळ्यांनी अजमावण्याऐवजी मोजले, म्हणून उपचार वेळेवर सुरू झाला.

कुठे चालत नाही, कुठे घातक ठरते

चांगल्या औषधाचा मोह वाईट. जठरातून किंवा आतड्यातून होणाऱ्या रक्तस्रावातही त्याचा उपयोग होईल असे अनेक डॉक्टरांना वाटत होते आणि बऱ्याच ठिकाणी ते दिलेही जात होते. २०२० मध्ये १२,००९ रुग्णांवरच्या चाचणीने तो समज खोडला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट पायातल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्यांचे प्रमाण ०.४ वरून ०.८ टक्क्यांवर गेले. डोक्याला मार लागलेल्यांवरच्या ‘क्रॅश-३’ चाचणीत (२०१९) सौम्य आणि मध्यम इजा झालेल्यांना वेळेत दिल्यावर फायदा दिसला, पण ज्यांचा मेंदू आधीच गंभीर दुखावला होता त्यांना दिसला नाही. अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया आणि आतडे या चारही ठिकाणी वाहते ते रक्तच. पण ते वाहण्याची कारणे वेगळी असतात, म्हणून उत्तरेही वेगळी मिळतात. प्रत्येक ठिकाणी वेगळी चाचणी घेण्याचा खटाटोप किती मोलाचा आहे, हे यातून कळते.

मोठ्या मात्रेत या औषधाने फिट येऊ शकते. मूत्रपिंडातूनच ते बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड अधू असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते. मूत्रपिंडातूनच रक्त जात असेल तर मूत्रनलिकेत टिकून राहिलेली गुठळी लघवीचा मार्ग अडवू शकते. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. म्हणूनच शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या पानावरच्या गोळ्या परस्पर घेणे धोक्याचे आहे.

सर्वांत भयंकर अपघात मात्र औषधाच्या गुणधर्मापेक्षा हलगर्जीपणातून होतो. सिझेरियनसाठी पाठीच्या कण्यात जे भुलीचे इंजेक्शन देतात त्याची अँप्यूल आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिडची अँप्यूल कधी कधी दिसायला सारखी असतात आणि एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेली असतात. चुकून हे औषध कण्यात गेले तर पाठीत आणि पायांत असह्य वेदना, झटके, आकडी, हृदयाचे ठोके बिघडणे असा प्रकार होतो आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल जगभर इशारा दिला. उपाय साधा आहे: हे औषध भुलीच्या औषधांच्या ट्रेमध्ये ठेवायचेच नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, आणि इंजेक्शन भरताना नाव मोठ्याने वाचायचे. इतका साधा उपाय जिथे पाळला जात नाही तिथे बाळंतीण मरते, ही गोष्ट मनाला लागायला हवी.

तीन तास कोणाच्या हातात?

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. जखमीला पोहोचवणारा माणूस पोलीस-कोर्टाच्या भानगडीला घाबरून बाजूला होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. दुखापतीनंतरचा पहिला तास याच कायद्याने ‘गोल्डन अवर’ म्हणून मानला आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ॲम्ब्युलन्स धावतात. कायदा आहे, गाडी आहे, औषध आहे. ही तिन्ही जखमीपाशी तीन तासांच्या आत एकत्र आली पाहिजेत.

शिरेत सुई लावणे धावत्या गाडीत किंवा दुर्गम उपकेंद्रात नेहमी जमत नाही. म्हणून आता हे औषध स्नायूत टोचण्याचे प्रयोग चालू आहेत. जखमींवर केलेल्या अभ्यासात, स्नायूत दिल्यावरही साधारण पंधरा मिनिटांत ते रक्तात उपयुक्त पातळी गाठते असे दिसले आहे. हे पुढेही टिकले तर उपकेंद्रातली नर्सबाई मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता पहिला डोस देऊ शकेल.

वाचकाच्या हातात औषध नाही, पण बऱ्याच गोष्टी आहेत. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने जोर देऊन दाबून धरायचे. थांबले का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचे नाही, कारण नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवायचे. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसायची नाही. हळद, चहापूड, कॉफी असले काही भरायचे नाही. मोठ्या जखमेत त्याचा उपयोग नाही आणि डॉक्टरांचे काम मात्र वाढते. जखमीला पांघरूण घालून उबदार ठेवायचे, कारण गार पडलेले रक्त नीट गोठत नाही.

आणि घड्याळ पाहायचे. अपघात किती वाजता झाला, रक्त केव्हापासून जाते आहे, हे कागदावर किंवा मोबाइलवर टिपून ठेवायचे आणि कॅज्युअल्टीत पाऊल टाकताच पहिल्या डॉक्टरला सांगायचे. हे औषध द्यायचे की नाही, हा निर्णय त्याला त्या एका वेळेवरून घ्यायचा असतो.